बल्लाळ मुलगी असती तर



यंदाच्या माघी उत्सवाला नेहमीप्रमाणे आमचं सगळं गणगोत पालीला जमलं. बल्लाळेश्वराचं दर्शन झालं, पंगती उठल्या, आणि दुपारी ओटीवर एक बैठक बसली. विषय एकच : आमच्या घरातली सोळा वर्षांची एक मुलगी. अकरावीला आहे. तिच्या मोबाइलमध्ये एका मुलाचे मेसेज सापडले होते. मुलगा तिच्याच क्लासचा, तिच्याच वयाचा. मेसेजमध्ये काय होतं म्हणाल तर, जेवलीस का, फिजिक्सचं जर्नल झालं का, आणि एका ठिकाणी 'तू फक्त माझी आहेस'. संपलं.

ओटीवर सात जण बोलत होते. जिच्याबद्दल बोलत होते ती आत चहा गाळत होती. ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा सगळे गप्प झाले, कप उचलले, ती आत गेली आणि पुन्हा सुरू. तासाभरात ठराव झाले. मोबाइल काढून घ्यायचा. क्लास बंद. आणि बारावीची परीक्षा झाली की स्थळं बघायला लागायचं, म्हणजे 'पुढचा प्रश्नच मिटेल'. शेवटी एकाने समारोप केला, "आपली मुलगी आहे, आपल्यालाच सांभाळायला हवी."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काकू, तुमची सगळी हयात पोरींना शिकवण्यात गेली. तुम्ही तिला चार शब्द सांगा."

मी त्या वेळी काही बोलले नाही. भरलं घर, सणाचा दिवस, उगाच वाद नको म्हणून. रात्री मात्र झोप लागली नाही. मला तिला चार शब्द सांगायचेच नाहीत. ओटीवरच्या सात जणांना सांगायचे आहेत, आणि ते काही चारात मावणारे नाहीत. म्हणून इथे लिहिते आहे. लिहिण्याआधी तिला विचारलं. "लिही आजी, पण माझं नाव नको," म्हणाली. तेव्हा वाचणाऱ्या नातेवाइकांपैकी जे त्या दिवशी आले नव्हते, त्यांनी फोन फिरवून ती कोण हे शोधत बसू नये. हा तिचा निर्णय आहे, तो पाळा.

आता आधी बल्लाळाची गोष्ट. पालीकरांना ती सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी थोडक्यात. कल्याण नावाचा एक वाणी, त्याचा मुलगा बल्लाळ. पोराला गणपतीचं वेड. रानात दगड मांडून पूजा करायचा, बरोबरीच्या पोरांनाही नादी लावायचा. पोरं वेळेवर घरी येईनात. गावातल्या आईबापांनी कल्याणशेठकडे तक्रार केली, तुमचा मुलगा आमची पोरं बिघडवतोय. बाप संतापून रानात गेला. पूजा मोडली, मूर्ती भिरकावून दिली, मुलाला रक्त येईपर्यंत मारलं आणि झाडाला बांधलं. येऊ दे आता तुझा देव सोडवायला, असं म्हणून घरी निघून गेला. देव आला, सोडवलं, आणि इथेच राहिला, त्या पोराचं नाव घेऊन. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकटाच गणपती. बापाने भिरकावलेली मूर्ती म्हणजे धुंडीविनायक. त्याचं दर्शन आधी घ्यायचं, असा रिवाज आहे.

म्हणजे बघा, सकाळी आम्ही सगळे मार खाल्लेल्या पोराच्या देवापुढे हात जोडून आलो, आणि दुपारी ओटीवर कल्याणशेठ होऊन बसलो.

कुणी म्हणेल, काकू, देवाचं वेड वेगळं आणि पोराबिराचं वेड वेगळं. कबूल. क्लासमधल्या त्या मुलाला मी देव म्हणत नाही, तो एक सोळा वर्षांचा साधा मुलगा आहे. मी बापाबद्दल बोलते आहे. कल्याणशेठला राग कशाचा आला? आपण न दिलेली एक गोष्ट आपल्या पोराच्या आयुष्यात आली याचा. हा राग फार जुना आहे, आणि मुलगा असेल तर निदान पुराणात तरी त्याची बाजू घेणारा कुणी भेटतो. बल्लाळ मुलगी असती तर? तर गावाने म्हटलं असतं, बापाने केलं ते बरोबरच केलं. देवळात कुणाचं नाव लागलं असतं, ते तुम्हीच सांगा.

माझं म्हणणं काय आहे ते आता सरळ मांडते.

कोकणात लहान मुलगी वाटेत भेटली की म्हातारं माणूस पहिला प्रश्न विचारतं, "कुणाची गो तू?" मुलगी बापाचं नाव सांगते, म्हातारं समाधानाने मान हलवतं. प्रश्न प्रेमाचाच आहे, मीही शेकडो वेळा विचारला असेल. पण वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत तिला दुसरा प्रश्नच कुणी विचारत नाही. तुला काय आवडतं, तुला काय पटत नाही, तुला कसली भीती वाटते... छे! आणि मग एक दिवस एक मुलगा येतो आणि त्याच जुन्या प्रश्नाला नवीन उत्तर देतो : "माझी."

तुम्हाला वाटतं हे बंड आहे. मला तर ते तुमच्याच शिकवणीचं फळ दिसतं. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून व्याकरणात सांगते. आपण मुलींना जन्मभर षष्ठी विभक्तीत ठेवतो. हिची, त्याची, अमक्यांची, आपली. प्रथमेत, म्हणजे वाक्याची कर्ती म्हणून, ती कधी येतच नाही. जिला घराने 'तू आमची' यापलीकडे काही दिलं नाही, तिला 'तू माझी' म्हणणारा पहिला मुलगा ओळखीचाच वाटणार. भाषा तीच असते, फक्त माणूस नवा. आणि ओटीवर जो ठराव झाला तो काय? क्लास बंद, म्हणजे मैत्रिणी बंद, मास्तर बंद, फिजिक्स बंद. या दोन 'माझी'च्या बाहेर तिच्याकडे जे थोडंफार होतं, तेवढंच नेमकं तुम्ही काढून घेतलंत. राहिलं काय? एकीकडे घर, दुसरीकडे तो.

"पण आपल्याकडे घरच्यांच्या आधारानेच मुली मोठ्या झाल्या ना," असंही त्या दिवशी एक जण म्हणाला, आणि आनंदीबाई जोशींचं नाव घेतलं. २०१९ सालचा 'आनंदी गोपाळ' सिनेमा पाहून आल्यापासून तो गोपाळरावांचा भक्त झाला आहे. तेव्हा तेही बोलू.

कल्याणच्या यमुनेचं लग्न १८७४ साली झालं, ती नऊ वर्षांची असताना. नवऱ्याने नाव ठेवलं आनंदी. गोपाळराव टपाल खात्यात होते. त्यांची बदली अलिबागला झाली तेव्हा ती तिथे राहिली, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात बसून ती पोर धडे घोकत होती. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. १८८३ मध्ये अमेरिकेला गेली, १८८६ मध्ये डॉक्टर झाली, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारली. वय पुरतं बावीसही नव्हतं. हे सगळ्यांना पाठ आहे. पाठ नाही ते असं, की अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात तिने स्वतःच हिशोब मांडला आहे : दहाव्या वर्षी लाकडाने मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, वर सोडून जाण्याची धमकी. आणि हे सगळं योग्य होतं की अयोग्य हे तिचं तिलाच नक्की ठरवता येत नव्हतं. मला त्या मारापेक्षा हे न ठरवता येणं जास्त लागतं. जिला घडवणाराही तोच आणि मारणाराही तोच, तिने उभं राहून न्याय करायचा तरी कुठे?

गंमत म्हणजे दुसरीही एक यमुनाच. यमुना कुर्लेकर. १८७३ साली अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं, रमाबाई झाली. रानडे एकतीस वर्षांचे. माणूस देवासारखा, हात कधी उगारला नाही, घरातल्या बायकांचा विरोध असताना बायकोला शिकवलं. पण १९१० साली रमाबाईंनी आपल्या आठवणींचं पुस्तक काढलं, त्याचं नाव बघा : 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. 'माझ्या' नाही. आणि आत बहुतेक सगळं त्यांच्याबद्दल. पुण्याच्या सेवासदनाचा एवढा डोलारा या बाईंनी उभा केला, तो रानडे १९०१ मध्ये गेल्यानंतर.

मी या दोघींना कमी लेखत नाही, त्यांच्या पायाची धूळ होण्याची माझी योग्यता नाही. पण मार्गदर्शक नवरा चांगला निघणं हे नशीब झालं. नशिबाला पद्धत म्हणू नका. सोळा वर्षांच्या मुलीने कुणीतरी आपल्याला घडवायला येईल म्हणून वाट बघत बसायचं, हे शिक्षण मला मान्य नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहितात ना, तसं माझंही लिहिलं होतं. बी. ए.च्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि शाळेच्या पगारपत्रकावर दुसरं. ती दोन्ही मीच, हे सिद्ध करायला मला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. त्या वेळी हसले होते. आता तेवढं हसू येत नाही.

तिसरी मुलगी आहे, तिचं नाव ओटीवर कुणी घेतलं नाही. रखमाबाई. आनंदीबाईंपेक्षा काही महिन्यांनी मोठी, जन्म १८६४ चा. आईचं लग्न चौदाव्या वर्षी, पंधराव्या वर्षी मूल, सतराव्या वर्षी वैधव्य. आईने पुन्हा लग्न केलं ते मुंबईच्या डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा विद्वान माणूस. रखमाबाईचंही लग्न रीतीप्रमाणे अकराव्या वर्षी झालं, दादाजी भिकाजी नावाच्या नात्यातल्याच तरुणाशी. पण ती सासरी नांदायला गेली नाही. सावत्र बापाच्या घरी राहिली. अकरा ते एकोणीस ही सगळी वर्षं, म्हणजे आज आपण ज्या वयाची काळजी करतो नेमकी तीच, तिने त्या घरात घालवली. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोलणी ऐकली, मिशनच्या वाचनालयातली पुस्तकं आणून वाचली.

१८८४ मध्ये दादाजीने बायको नांदायला यावी म्हणून हायकोर्टात दावा लावला. सगळं जग म्हणत होतं जा. तिने सांगितलं, नाही जाणार. हे लग्न मला न विचारता, मला समज नसताना झालेलं आहे. २१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपील झालं, आणि मार्च १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी निकाल फिरवला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या, पुढे सुरतेला आणि राजकोटला दवाखाने चालवले, नव्वदी ओलांडून १९५५ मध्ये गेल्या.

तारखा पुन्हा बघा. फेब्रुवारी १८८७ ला आनंदीबाई गेल्या, पुणं हळहळलं, 'केसरी'ही हळहळला. पुढच्याच महिन्यात रखमाबाईला तुरुंगाची शिक्षा सुनावली, आणि त्याच 'केसरी'ने तिच्याविरुद्ध लेखणी चालवली. दोघीही शिकलेल्या, दोघींना डॉक्टर व्हायचं होतं. फरक एवढाच, की एक नवऱ्याच्या सांगण्यावरून पुढे गेली आणि दुसरी नवऱ्याला नाही म्हणाली. आमचा मराठी समाज शिकलेल्या मुलीला घाबरत नाही हो, नाही म्हणणाऱ्या मुलीला घाबरतो. हे तेव्हा खरं होतं आणि परवा ओटीवरही खरं होतं. मोबाइलमधल्या 'माझी'ला तिने काय उत्तर दिलं होतं, हे सातांपैकी एकाने तरी वाचलं का? मी वाचलं, तिनेच दाखवलं. तिने लिहिलं होतं, 'असं नको म्हणू, मला आवडत नाही.' आमच्या पोरीने मुलाला जे सुनावलं, ते आम्हाला दिसलंच नाही.

म्हणून मला विचाराल तर या सगळ्या कथेतला आदर्श पुरुष गोपाळराव नाहीत, सखाराम अर्जुन आहेत. त्यांनी रखमाबाईला ओढून पुढे नेलं नाही. घराचं दार उघडं ठेवलं, पुस्तकं येऊ दिली, आणि जावयाच्या वकिलाची नोटीस आली तेव्हा मुलीला बाहेर काढलं नाही. पहिला निकाल लागायच्या आधीच, १८८५ मध्ये, ते वारले. त्यांच्या नावाचा सिनेमा नाही, पण मुलीला 'नाही' म्हणता आलं ते त्यांच्या घरात वाढली म्हणून.

आणि एक गोष्ट, जी मला आवडत नाही पण लपवणारही नाही. १९०४ मध्ये दादाजी वारला तेव्हा रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसलं. ज्या नवऱ्याला नवरा मानायला नकार दिला, त्याच्यासाठी! मला वाचून राग आला होता. मग वाटलं, मी कोण रागावणारी? मुलीला स्वतःचं ठरवू द्यायचं म्हटलं की ती आपल्याला न आवडणारंही ठरवणार.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही लिहायची नव्हती, पण दुसऱ्यांना कल्याणशेठ म्हणायचं आणि स्वतः नामानिराळं राहायचं, हे बरं नव्हे.

१९८६ साल. मी दहावीची वर्गशिक्षिका. निबंधाच्या वह्या तपासत असताना एका मुलीच्या वहीत चिठ्ठी सापडली. गावातल्याच एका मुलाला लिहिलेली, अजून द्यायची राहिलेली. मुलगी हुशार, गणितात पहिली. मी दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना शाळेत बोलावलं आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. आपलं कर्तव्य केलं असं वाटलं, खरंच. सोमवारी मुलगी शाळेत आली नाही. मार्चमध्ये परीक्षेला बसली नाही. मे महिन्यात तिचं लग्न झालं, दूर, घाटावर. मुलीच्या लग्नाचं वय १९७८ पासून अठरा होतं, पण लग्नपत्रिकेवर कुणी वय छापत नाही. मी त्या लग्नाला गेले होते. आहेर केला होता.

पुष्कळ वर्षांनी ती देवळात भेटली, बरोबर तिची कॉलेजात जाणारी मुलगी. पाया पडली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना म्हणाली, "बाई, ती चिठ्ठी तुम्ही पूर्ण वाचली होतीत ना?"

वाचली होती. त्यात प्रेमाच्या दोन ओळी होत्या, आणि खाली लिहिलं होतं की मला पुढे कॉलेजात जायचं आहे, गणित घ्यायचं आहे, हे मी घरी कुणालाच सांगितलेलं नाही, फक्त तुला सांगते आहे. मी वर्गशिक्षिका होते. तिने ते मला सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. ऐकणारा एकच कान तिला गावात मिळाला होता, तो त्या मुलाचा. मी तो बंद केला आणि त्याबरोबर गणितही.

मी "हो" म्हटलं. ती आणखी काही बोलली नाही. मुलीला घेऊन प्रसादाच्या रांगेत गेली.

तुम्ही म्हणाल, जुन्या काळची गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं निघालं. म्हणजे दर पाचांत एकीहून जास्त. फार जुनी नाही हो.

आता तुमच्या शंका. पहिली : "मग काय मोकळं सोडायचं? जग किती वाईट आहे!" जग वाईट आहेच. पंचवीस-तीस वर्षांचे बाप्ये शाळकरी पोरींच्या मागे लागतात, फोटो मागवतात, मग त्याच फोटोंनी धमकावतात. सोळाच्या मुलीचा वर्गमित्र आणि हा बाप्या यांत फरक आहे, आणि तो फरक मुलीला समजावून सांगायला हवा. पण मोबाइल हिसकावणाऱ्या घरात ती धमकीची गोष्ट सांगायला कुणाकडे जाईल? साधा जेवलीस का म्हणणारा मेसेज सापडला तर शिक्षण थांबतं, हे जिने पाहिलं, ती मोठं संकट आल्यावर तोंड उघडेल? धमकावणारा माणूस मुलीच्या याच भीतीवर जगतो.

दुसरी शंका कायद्याची. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा मानत नाही. मुलींनाही आणि मुलांनाही हे स्पष्ट सांगायला हवं, आणि घरात कुणी सांगत नाही. आमच्या सुधागड तालुक्यात कातकरी-ठाकरांच्या वाड्या पुष्कळ. पावसाळा संपला की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या कामावर जातात, मुलगी बरोबर जाते, शाळा सुटते, आणि कोवळ्या वयातच संसार सुरू होतो. दिवस गेले म्हणून ती दवाखान्यात आली की डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. शाळा सुटली तेव्हा मात्र कुणी कुणाला कळवत नाही.

आणि घराने दार लावलं की काय होतं, तेही सुप्रीम कोर्टाच्या दप्तरात लिहिलेलं आहे. बंगालमधली चौदा वर्षांची मुलगी घर सोडून तिच्याहून खूप मोठ्या माणसाकडे गेली. तो गुन्हाच होता, आणि २० ऑगस्ट २०२४ ला कोर्टाने त्याला पुन्हा दोषी ठरवलं. पण २३ मे २०२५ च्या निकालात कोर्टाने त्याला तुरुंगात पाठवलं नाही. का? तर समाजाने मुलीलाच बोल लावला, यंत्रणा तिच्या उपयोगी पडली नाही आणि आईबापांनी तिला टाकलं. आता त्या माणसावाचून आणि मुलावाचून तिला जगात कुणी उरलं नव्हतं. निकाल बरोबर की चूक, यावर वकील भांडोत. मला त्यात दिसते ती एका बंद दाराची गोष्ट.

तिसरी शंका तरुण वाचकांची येईल, की आजी, प्रेमच मुक्ती देतं ना? नाही रे बाळांनो. २०१६ चा 'सैराट' सगळ्यांनी पाहिला, शेवट बघून रडलात. पण मधला भाग आठवा. बुलेट चालवणारी आर्ची घर सोडून परक्या गावात राबते, आणि ज्याच्यासाठी सोडलं तोच संशयाने तिच्यावर हात उगारतो. मुलगी एका 'माझी'तून निघाली आणि दुसऱ्या 'माझी'त शिरली, तर तिला मोकळी झाली असं मी म्हणणार नाही.

तेव्हा ओटीवरच्या सातही जणांना माझी मागणी अशी. मोबाइल परत द्या. क्लास सोमवारपासून सुरू करा. स्थळं बघणं तिची पदवी होईपर्यंत, आणि ती स्वतः म्हणेपर्यंत, बंद. कळायला लागल्यावर बोलू म्हणत टाळलेल्या सगळ्या गोष्टी, शरीराच्या, कायद्याच्या, फोटोंच्या, तिच्या आईने तिच्याशी बोलायच्या. आईला जमत नसेल तर मी बोलेन. त्या मुलालाही घरी बोलवा, चहा द्या, त्याच्या आईबापांशी ओळख करून घ्या. आणि तिला अधूनमधून काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीपासून माहीत नाही. फिजिक्सबद्दल विचारलंत तरी चालेल.

तुम्हाला वाटेल काकूंना म्हातारपणी काय सुचलं. सुचायला उशीर झाला, हे खरं. १९८६ मध्ये सुचलं असतं तर एक मुलगी गणित शिकली असती.

आणि पुढच्या वेळी तिच्याबद्दल बैठक बसलीच, तर चहा मी गाळेन. तिला बाहेर ओटीवर बसवा.

असो. फार लांबलं. रागावलात तर फोन करा, मी दुपारी झोपत नाही.